ज्योती बसू सलग 23 वर्षं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री कसे राहिले?

गुंडगिरी आणि बोगस मतदान यांशिवाय हे शक्य होतं का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही होतं, नाकारत नाही. पण नुसत्या दादागिरीवर 1977 ते 1996 अशा लागोपाठ पाच निवडणुका निघत नाहीत.

बसूंची खरी ताकद कोलकात्यात नव्हती, हुगळी-वर्धमानच्या भातशेतीत होती. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा तिथला बर्गादार कायद्याने सुरक्षित होता, पण कागदावर त्याचं नावच नसे. मालकाच्या डोळ्यांदेखत कचेरीत जाऊन नाव लावायची छाती कुणाची? 1978 मध्ये सरकारने कचेरीच गावात नेली. शेतावरून माणसं परतली की संध्याकाळी बैठक, कोण कुणाची जमीन कसतो ते चारचौघांत विचारायचं, यादी लावायची, हरकती तिथेच ऐकायच्या. मालकाने फक्त जमीन दिली असेल तर पिकाचा चौथा हिस्सा त्याचा, बाकी कसणाऱ्याचं. सुमारे 14 लाख नावं चढली. आपल्या कूळकायद्यासारखी मालकी नाही मिळाली, पण हुसकून लावणं अवघड झालं. त्याच वर्षी पंचायतीच्या निवडणुका झाल्या आणि गावचा कारभार बऱ्याच ठिकाणी शाळामास्तर, छोटे शेतकरी यांच्या हाती आला. पुढे ह्याच पंचायतींवर बसूंच्या पक्षाची, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची, पकड इतकी बसली की विरोधकाला गावात राहणं कठीण, हेही खरं.

शहराने मात्र भोगलं. ऐंशीच्या दशकात मी कोलकात्यात नोकरीला होतो. वीज सारखी जायची, घरात मेणबत्त्या मिठासारख्या लागत. घेराव, संप, बंद पडलेल्या ज्यूट गिरण्या. प्राथमिक शाळेतून इंग्रजी काढलं, त्याचा राग मध्यमवर्गाने कधीच सोडला नाही. आणि 1979 चं मरीचझांपी: दंडकारण्यातून सुंदरबनातल्या ह्या बेटावर आलेल्या पूर्व बंगालच्या निर्वासितांना पोलिसांकरवी हुसकावलं, माणसं मेली. गरिबांचं सरकार म्हणवणाऱ्यांना हे माफ करणं मला जमत नाही.

1996 मध्ये पंतप्रधानपद समोर आलं, पक्षाने नको म्हटलं. बसूंनी त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं. मला पक्षाचंच पटतं. त्यांच्याऐवजी आलेलं देवेगौडांचं सरकार वर्षभरही चाललं नाही. बाहेरून काँग्रेसच्या टेकूवर आणि स्वतःचे जेमतेम 32 खासदार घेऊन बसूंनी दिल्लीत वेगळं काय केलं असतं?