बायो घेऊ, केमिस्ट्री घेऊ की मटेरियल सायन्स? गोंदियाच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. बाकी पालकांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. ताई गोंदिया जिल्ह्यातल्या, पंचायत समितीत नोकरी, घरची धानाची शेती. मुलगी अकरावीला, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायो चारही विषय घेतलेत, नीटचा क्लास लावलाय पण पोरगी म्हणते मला डॉक्टर नाही व्हायचं, रिसर्च करायचंय. कशात रिसर्च, तर दर महिन्याला उत्तर बदलतं. मामेभावाला सिकल सेल आहे, म्हणून आधी जीन एडिटिंग, म्हणजे डीएनएत हवा तो बदल करण्याचं काम, करणार होती, मग ऑक्टोबरात 2025 चं केमिस्ट्रीचं नोबेल जाहीर झालं तेव्हा केमिस्ट्री, आता कुठेतरी सोडियमच्या बॅटरीबद्दल वाचलं म्हणून मटेरियल सायन्स, म्हणजे नवनवे पदार्थ घडवण्याचं शास्त्र. ताईंना वाटतंय पोरगी चंचल आहे. आणि क्लासचे सर म्हणतायत की नीटवर लक्ष द्यायचं तर मॅथ्स सोडून द्या.

मॅथ्सचं आधी सांगते कारण ते लगेच ठरवायचंय. सोडू नका. अजिबात नाही. आपल्याकडे अकरावीच्या मध्यावर मॅथ्स सोडणारी मुलं मी दरवर्षी बघते आणि त्यातली बरीच बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे परत येतात, मॅडम आता काय करू म्हणून, आणि तेव्हा खरंच फार कमी दारं उघडी असतात. ज्या तीन गोष्टी तिला आवडतायत त्या तिन्हींत आज गणित लागतं, बायोतसुद्धा.

आता ती चंचल आहे का, याबद्दल. मला नाही वाटत तसं. तिला जे तीन वेगळे विषय वाटतायत ते आता तेवढे वेगळे राहिलेलेच नाहीत आणि हे समजवायला मला लांब जायची गरज नाही, तुमच्या भाच्याच्या आजाराचीच गोष्ट घ्या.

सिकल सेल हा रक्ताचा आजार, म्हणजे बायो, बरोबर? पण हा आजार एका रेणूचा आहे, सिकल सेलवाल्यांचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं, हे 1949 मध्ये दाखवलं लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि पॉलिंग हे केमिस्ट. पुढे कळलं की हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी व्हॅलिन येतं, बस एवढाच फरक, डीएनएतलं एक अक्षर बदललेलं. पण व्हॅलिनला पाणी नकोसं असतं, त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब लांब दोरे बनतात आणि आतून ताणून पेशीचा विळा करतात. तो विळा बारीक रक्तवाहिनीत अडकला की पोराचं अंग दुखायला लागतं. तुम्ही लिहिलंय ना की थंडीत त्याचे पाय इतके दुखतात की रात्रभर रडतो, ते हे.

आता औषध बघा. हायड्रॉक्सीयुरिया नावाची जी गोळी सिकल सेलमध्ये देतात ते अगदी छोटं रसायन, पहिल्यांदा बनवलं गेलं 1869 मध्ये, तेव्हा या आजाराचं कुणाला नावही माहीत नव्हतं. ते काय करतं तर पोटातल्या बाळाचं जे हिमोग्लोबिन असतं, जन्मानंतर हळूहळू बंद होणारं, ते शरीराला पुन्हा थोडं जास्त बनवायला लावतं. ते बाळाचं हिमोग्लोबिन विळा होऊ देत नाही, म्हणूनच सिकल सेलची बाळं पहिले काही महिने ठीक असतात. आणि ती तुमची लेक ज्याच्यामागे वेडी झालीये ती क्रिस्परवाली, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या तंत्राची ट्रीटमेंट, कॅसजेव्ही, 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाली, ती काय करते माहितीये? ती ते बिघडलेलं अक्षर दुरुस्त करतच नाही! बाळाचं हिमोग्लोबिन बंद करणारा जो स्विच असतो तो ती कापते. म्हणजे काम तेच, एकीकडे गोळी आणि एकीकडे कात्री. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ तेच वाचत बसले होते.

पण कॅसजेव्हीला अमेरिकेत 22 लाख डॉलर लागतात, आपले अठरा कोटींच्या वर. पेशंटच्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, लॅबमध्ये एडिट करायच्या, मग जोरदार केमो देऊन अस्थिमज्जा रिकामी करायची आणि त्या पेशी परत सोडायच्या, महिनोन् महिने दवाखाना. गडचिरोली नंदुरबारच्या पोराला हे कसं परवडणार? म्हणून आता जगभर धडपड चाललीये की पेशी बाहेर न काढता इंजेक्शननेच ही कात्री आत पाठवता येईल का. 2025 मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये लिव्हरचा जन्मजात दुर्मिळ आजार असलेल्या एका बाळासाठी, फक्त त्याच्या एकट्यासाठी, असं जीन एडिटिंगचं औषध बनवलं आणि ते शरीरात गेलं चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरून. त्या चरबीच्या गोळ्या कशा बनवायच्या, कुठल्या अवयवात जाऊन फुटाव्यात, लिव्हर सोडून हाडातल्या मज्जेपर्यंत कशा पोचवायच्या, हा प्रश्न केमिस्ट्रीचा आणि मटेरियल सायन्सचा आहे. म्हणजे तुमच्या भाच्यापर्यंत स्वस्त उपचार पोचायला जीवशास्त्रवाला लागेल तेवढाच चरबीचे रेणू बनवणारा केमिस्ट लागेल. तिने महिन्यामहिन्याला उत्तर बदललं खरं, पण प्रश्न मात्र तिचा एकच आहे असं मला तिच्या तिन्ही आवडींवरून दिसतंय.

आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर कॅन्सरवरची कार-टी थेरपी, नेक्सकार19. ही कुठे झाली? आयआयटी मुंबईत, इंजिनिअरिंगच्या कॉलेजात, टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांबरोबर. पेशंटच्या रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, काढायच्या, त्यात कॅन्सरची पेशी ओळखणारा जीन घालायचा, वाढवायच्या, परत द्यायच्या. ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली, एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली, आणि खर्च परदेशातल्या साधारण दहाव्या हिश्श्यात. अजूनही सामान्य घराला जड आहेच, पण दहावा हिस्सा होणं ही किती मोठी गोष्ट आहे बघा.

दुसरं मला जे तळमळीने सांगायचंय ते हे की बातमी बघून ब्रँच निवडू नका. त्या केमिस्ट्रीच्या नोबेलचंच घ्या. मॉफ म्हणतात त्या पदार्थांना, धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेले जाळीदार स्फटिक. नवीन पर्समध्ये ती सिलिकाची पुडी निघते ना ओल शोषणारी, तसलंच पण कितीतरी पट जास्त पोकळ, मॉफ-5 नावाच्या पदार्थाच्या दोनचार ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो. वाळवंटातल्या हवेतून पाणी काढून दाखवलंय याने. आता याची सुरुवात कशी झाली ऐका. 1974 मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रिचर्ड रॉब्सन नावाचे प्राध्यापक पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायला लाकडी गोळ्यांची रेणूंची मॉडेल करत होते, वर्कशॉपला सांगावं लागायचं की कुठल्या गोळ्याला कुठे भोकं पाडायची, आणि मॉडेल जोडताना त्यांच्या लक्षात आलं की भोकांच्या जागा बरोबर असल्या की रचना आपोआप बरोबर बसते. मग खऱ्या अणूंचं असंच जमेल का? हा विचार दहा वर्षांहून जास्त काळ मनात राहिला, पेपर आला 1989 मध्ये. पुढे जपानचे कितागावा आणि अमेरिकेतले ओमर याघी यांनी ते टिकाऊ केलं, उपयोगाचं केलं. नोबेल मिळालं तेव्हा रॉब्सन 88 वर्षांचे. तुमची लेक पीएचडी करून बाहेर पडेल तेव्हा बातम्यांत भलतंच काहीतरी असेल, तेव्हा आज गाजतंय त्याच्या मागे धावण्यापेक्षा पाया पक्का असलेला माणूस कुठेही जाऊ शकतो.

एआय आल्यावर रिसर्चला माणसं लागतील का, हे विचारलंत. 2024 च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमधला अर्धा वाटा अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामच्या कर्त्यांना मिळाला, वीस कोटी प्रोटीनच्या रचनांचा अंदाज बांधलाय त्या प्रोग्रामने, हे खरंच अचाट आहे. पण तो शिकला कशावर, तर 1971 पासून जगभरच्या लोकांनी एकेक प्रोटीनचा स्फटिक करून, एक्सरे टाकून काढलेल्या रचना एका ठिकाणी जमा होत गेल्या त्यावर. एकेक रचना म्हणजे कुणाच्यातरी पीएचडीची कितीतरी वर्षं. आणि अंदाज आला तरी औषध लागू पडतं का हे शेवटी नळीत आणि पेशंटमध्येच बघावं लागतं. त्यामुळे घाबरू नका, पण तिला पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवाच, आत्तापासून, फुकट शिकता येतं.

आता रस्ता. माझ्या मते तिच्यासाठी सगळ्यात चांगलं आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या संस्था. देशात सात आहेत, पुणं आहेच पण तुम्हाला भोपाळही जवळ पडेल. पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स, सुरुवातीला सगळे विषय शिकवतात आणि नंतर निवडायचं, म्हणजे आज जो निर्णय घ्यायला तुम्ही तिच्या मागे लागलाय तो आज घ्यावाच लागणार नाही. त्याची परीक्षा आयएटी, 60 प्रश्न, चारही विषयांचे 15-15, तीन तास. बघा, मॅथ्स का सोडायचं नाही ते. त्याच धर्तीवर भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस, त्या दोघांची नेस्ट परीक्षा. तिला बनवण्यात जास्त मजा वाटत असेल तर मुंबईचं आयसीटी, जुनं यूडीसीटी, केमिकल इंजिनिअरिंगला.

नाहीच लागला नंबर तर जग बुडत नाही. चांगल्या कॉलेजात साधी बीएस्सी केमिस्ट्री, मग जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. हो, बीएस्सी केमिस्ट्री म्हणतेय, बायोटेक नाही. बायोटेक वाईट नाही पण त्या नावावर फी घेणारी आणि लॅब नसलेली कॉलेजं मी डोळ्यांनी बघितलीत. एका मुलीबरोबर एका कॉलेजात गेले होते, माहितीपत्रकात पीसीआर मशीनचा, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या यंत्राचा, रंगीत फोटो, प्रत्यक्षात मशीनवर प्लास्टिकचं कव्हर घट्ट बसवलेलं, शेजारचं रजिस्टर उघडलं तर शेवटची नोंद दीड वर्षापूर्वीची. त्या मुलीने दोन सेमिस्टरची फी आधीच भरली होती. म्हणून ॲडमिशनच्या आधी लॅबमध्ये जा, रजिस्टर मागा, मुलांना विचारा की तू स्वतः पिपेट हातात कितीदा धरलास. एकदाही नाही असं उत्तर आलं तर तिथून निघा.

पैशाचं लपवत नाही. पीएचडीला नेट-जेआरएफ, म्हणजे परीक्षेतून मिळणारी सरकारी फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, नंतर 42,000 आणि वर घरभाडं. ऐकायला बरं वाटतं, पण कधीकधी ते महिनोन् महिने उशिरा येतं आणि पोरांची ओढाताण होते. पीएचडीला पाच वर्षं धरा, म्हणजे हातात डिग्री येईपर्यंत ती 28 ची, आणि सरकारी संस्थेतली कायमची नोकरी त्याच्यानंतरही लगेच नाही मिळत, बरेच जण आधी एकदोन पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती रिसर्चची नोकरी, करतात. लग्नाचं कोण काय बोलेल ते तुम्हाला झेलावं लागणार आहे, ते तुमची तयारी असेल तरच हो म्हणा, पण अर्धवट हो म्हणू नका, त्याने मुली मध्येच तुटतात. दुसरीकडे एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्रीवर थांबली तरी हैदराबाद, तारापूर, पुणे इकडच्या फार्मा कंपन्यांत काम मिळतं, बॅटरीवाल्या कंपन्यांना केमिस्ट लागायला लागलेत, पुण्यात केपीआयटीने सोडियम आयन बॅटरी आणली ती आयसर पुण्याच्या साथीने. अगदीच उपाशी राहायची वेळ येत नाही. "बीएस्सी करून शिकवण्याच घेणार ना" म्हणणाऱ्या काकांना हे सांगा.

शेवटचं, आणि हे या आठवड्यात करा. भाच्याला हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे का ते डॉक्टरांना विचारा, पत्रात तुम्ही फक्त फॉलिक ॲसिड लिहिलंय म्हणून विचारतेय. आणि तुमच्या सख्ख्या भावाच्या मुलाला आहे म्हणजे तुम्ही स्वतः आणि लेक, दोघींनीही तपासणी करून घ्या, वाहक असू शकता, म्हणजे बिघडलेला जीन अंगात असतो पण आजार नसतो, त्रास काही नसतो पण माहीत असलेलं बरं. सरकारी दवाखान्यात होते. जाताना तिला मुद्दाम लॅबच्या टेबलापाशी उभं राहू द्या, टेक्निशियनला विनंती करा. सोल्युबिलिटी टेस्ट करतात, रक्ताचा छोटासा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात, काही मिनिटं थांबतात आणि नळीच्या मागे रेघांचा कागद धरतात. नेहमीचं रक्त असेल तर रेघा आरपार दिसतात, सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं आणि रेघा दिसेनाशा होतात. गढूळ झालं म्हणजे आजारच आहे असं नाही हं, वाहकाचंही होतं, पुढची टेस्ट करावी लागते, घाबरून जाऊ नका.

तिथून घरी येताना एसटीत ती तुम्हाला काय काय विचारते ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि पुढच्या पत्रात मला तेवढंच पाठवा.