दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांनी फ्रॅटर्निटीचे नवे चॅप्टर का काढले? आज आपल्या मुलाला त्यात जाऊ द्यावं का?

दुसऱ्या प्रश्नावरून माझं आणि माझ्या दाजींचं चांगलंच वाजलं होतं, म्हणून लिहायला बसलोय. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजच्या मुलग्यांची संघटना, तिचे सभासद एका घरात राहतात; चॅप्टर म्हणजे तिची एका कॉलेजातली शाखा.

पहिल्याचं थोडक्यात सांगतो. १९४४ च्या जीआय कायद्याने परतलेल्या सैनिकांची वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी सरकार भरू लागलं, वर एकट्या माणसाला महिना ५० डॉलर. सुमारे २२ लाख जण कॉलेजात आले. १९४७ मध्ये जवळजवळ प्रत्येक दुसरा विद्यार्थी माजी सैनिक होता. राहायला जागा नव्हती, लष्कराच्या जुन्या बराकी उचलून कॅम्पसवर उभ्या केल्या होत्या. फ्रॅटर्निटीचं घर म्हणजे छप्पर आणि दोन वेळचं जेवण. पण जुन्या घरांत शिरायचं तर आधी 'प्लेज', म्हणजे उमेदवार सभासद म्हणून वीस वर्षांच्या पोरांचे हुकूम झेलायचे, आणि चोवीस वर्षांचा सार्जंट ते कशाला झेलेल? मग दहा-पंधरा जण मिळून आधी स्वतःचा क्लब काढत, घर भाड्याने घेत, राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज करत. त्यांची माणसं येऊन बघून जात. सनद मिळाली की चॅप्टर झाला.

अशा एका घरात मी १९९१ च्या उन्हाळ्यात राहिलोय. मिडवेस्टात एमएस करत होतो. सुट्टीत पोरं घरी गेली की तिथल्या खोल्या स्वस्तात मिळायच्या. जिन्याच्या भिंतीवर दर वर्षीच्या सभासदांचे फोटो. १९४७ ची फ्रेम सगळ्यात खाली: चौदा चेहरे, तिघांच्या अंगात लष्करी जाकीट, दंडावरच्या फिती उसवलेल्या.

जुलैत त्या चौदातले एक आजोबा छताची गळती बघायला आले. काठी टेकत चालायचे, महायुद्धात युरोपातल्या आर्देनच्या बर्फात डाव्या पायाची बोटं गेली होती. मी आलं घालून चहा केला. चहा पिता पिता त्यांनी कपाटातून पहिल्या सभेची वही काढली. ठराव पहिला: कुणाच्याही अंगाला हात लावायचा नाही. ठराव दुसरा: रात्री कुणालाही झोपेतून उठवायचं नाही.

दुसरा मला कळला नाही. ते म्हणाले, "आमच्यातले नऊ जण झोपेत ओरडायचे. मी त्यातला एक."

त्याच खोलीत खुंटीला एक लाकडी फळी टांगलेली होती, नव्या पोरांना ढुंगणावर मारायची, ग्रीक अक्षरं कोरलेली. पुढच्या पिढीने ती आणली, आणि आजोबा लांब राहायला गेल्यामुळे त्यांना कळलंही उशिरा. उठताना त्यांनी ती फळी फिरवून अक्षरं भिंतीकडे केली. मला अजून तो हात दिसतो.

मी विचारलं, १९४७ साली मला घेतलं असतंत का? लगेच म्हणाले, नाही. फक्त गोऱ्या ख्रिश्चनांना घ्यायचं असं कलम राष्ट्रीय संस्थेच्या घटनेत होतं, आणि आम्ही त्याखाली सह्या केल्या. मग अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचं सांगितलं. १९४८ मध्ये तिथल्या फाय कॅपा साय नावाच्या फ्रॅटर्निटीच्या चॅप्टरने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेतलं. राष्ट्रीय संस्थेने चॅप्टरच काढून टाकला, पण पोरांनी त्याला सोडलं नाही, घर स्वतंत्रपणे चालवलं. "त्यांच्यात जे होतं ते आमच्यात नव्हतं," म्हणाले.

२०१४ साली भाच्याला तिकडे फ्रॅटर्निटीत जायचं होतं. दाजींचा फोन: "दारूचे अड्डे ते, तू त्याला दटाव." मी दटावलं नाही. त्याला म्हटलं, घर बघायला जाशील तेव्हा एकच विचार, नव्या पोरांना रात्री उठवता का? दाजी म्हणाले, पोरगं तू बिघडवतोयस. दोन दिवाळ्या आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

तुम्हालाही तेच सांगतो. नुसती बंदी घालून काही होत नाही, पोरगं लपून जातं, आणि लपून गेलेलं पोरगं अडचणीत घरी फोन करत नाही. घराचा हिशोब कोण बघतं, जुने सभासद येतात का, रात्री काय चालतं, हे त्यालाच विचारून यायला सांगा.

दाजींची भीती खोटी नव्हती, हेही लिहायला हवं. २०१७ साली पेन स्टेट विद्यापीठात फ्रॅटर्निटीतल्या प्रवेशाच्या रात्री दारू पाजलेला १९ वर्षांचा मुलगा जिन्यावरून पडला, तासन्‌तास कुणी मदत बोलावली नाही, आणि तो गेला. रात्रीच्या प्रश्नाला जिथे हसण्यावारी नेतात, तिथून मुलाने त्याच पावली परत यावं.

भाचा पहिल्या घरातून तसाच परत आला. दुसऱ्या घरात त्याला सरळ उत्तर मिळालं, तिथे तो राहिला. दाजी आजही नातेवाइकांना सांगतात की तो होस्टेलवर होता. तो फ्रॅटर्निटीत होता, दाजी, आणि शेवटच्या वर्षी तिचा खजिनदार होता.