नाव झाकलं, पण गाव ओळखतं

प्रश्न : ताई, मी नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत सहा वर्षांपासून जावा बॅकएंडचं काम करतो. दोन अप्रेझल कोरडी गेली. आता नोकरी बदलायची आहे, पुण्या-हैदराबादला जायचीही तयारी आहे. पण मॅनेजरला कुणकुण लागली तर पुढच्या प्रोजेक्टमधून पहिलं नाव माझंच कटेल. मागच्या वर्षी टीममधल्या एकाचं प्रोफाइल एचआरच्या नजरेस पडलं आणि तो तीन महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसून होता. माझ्या डोक्यावर घराचा हप्ता आहे. म्हणून नाव, फोटो, कंपनी काहीच न देता प्रोफाइल तयार केलं आहे. त्यातली मुख्य ओळ अशी : ‘नागपूर. कॅनडातल्या विमा कंपनीची क्लेम सिस्टीम मेनफ्रेमवरून स्प्रिंग बूटवर आणली. ११ जणांच्या टीमचा लीड. २०२३ चा स्टार परफॉर्मर.’ एवढ्यानं भागेल ना?
— नाव नको, मनीषनगर

उत्तर : नाही भागणार. तुमची ओळ वाचून मला तुमचं नाव कळलं नाही, पण तुमच्या मॅनेजरला चहाचा कप खाली ठेवायच्या आत कळेल. कॅनडातल्या विमा कंपनीचं काम नागपुरात किती कंपन्यांकडे असणार? त्यात मेनफ्रेमवरून, म्हणजे जुन्या मोठ्या संगणकावरून, स्थलांतर, त्यात ११ जण, त्यात पुरस्कार. नाव सोडून सगळं लिहिलंत की!

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. लक्ष्मीनगरात दोन खोल्यांचं ऑफिस थाटून मी भरतीचं काम करत होते, तेव्हाची गोष्ट. एका हुशार मुलाचा रेझ्युमे आला. नाव बाहेर जाऊ देऊ नका, असं त्यानं दोनदा बजावलं होतं. मी नाव, नंबर, कंपनी काढली आणि ‘कोळशाच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर, आठ वर्षांचा अनुभव, नागपूर’ असं लिहून तो कागद एका क्लायंटकडे धाडला. असं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं तेव्हा शहरात असतील चार, आणि त्यातली तीन एकाच खोलीत बसायची. क्लायंट आणि या मुलाचा साहेब रोज सकाळी एकाच गाडीवर तर्री-पोहे खायचे. दुसऱ्या दिवशी साहेबानं त्याला विचारलं, ‘काहून गा भाऊ, जाऊन राह्यला म्हणे?’ पुढचं वर्षभर त्या पोरानं जे सोसलं ते माझ्या कागदामुळे. तो आजही भेटला की हसून बोलतो, मला मात्र हसू येत नाही.

पुढे मला कळलं की ही फजिती फक्त नागपूरची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं-पत्ते काढून संशोधकांना दिल्या गेल्या होत्या. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. तिथल्या गव्हर्नरांच्या जन्मतारखेचे यादीत सहा जण होते, त्यातले पुरुष तीन, आणि गव्हर्नरांच्या पिनकोडात राहणारा एकच. झाली त्यांच्या उपचारांची नोंद उघडी. नंतर २००० साली त्यांनी हिशेब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येतील. तुम्ही तर चार दिल्या आहेत.

तेव्हा शब्द न् शब्द वाचायचा आणि स्वतःला विचारायचं, असे लोक किती? उत्तर पन्नासच्या आत आलं तर तो शब्द सैल करायचा. तुमची ओळ मी अशी लिहीन : ‘परदेशी वित्तक्षेत्रातल्या ग्राहकाची जुनी प्रणाली जावावर आणली, दहाएक जणांची टीम सांभाळली, कामाचं ठिकाण मध्य भारत, शहर बदलायची तयारी.’ पुरस्कार सरळ उडवा. त्याच्या जागी कामाचा परिणाम लिहा. रात्री आपोआप चालणारं बॅचचं काम सहा तासांवरून दोन तासांवर आणलं असेल तर तो आकडा खणखणीत ठेवा, कारण त्यात तुमची कंपनी दिसत नाही, तुमची अक्कल दिसते. पुष्कळ मुलं नेमकं उलटं करतात. ग्राहकाची ओळख ठेवतात आणि भीतीपोटी स्वतःचं काम धूसर करतात. मग रिक्रूटर तरी कशाला विचारणा करील?

आता साइटचं बघू. नोकरी डॉट कॉमवर ठराविक कंपन्यांना आपलं प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे. तिथे फक्त आपल्या कंपनीचं नाव टाकून थांबू नका. तिची मूळ कंपनी, भगिनी कंपन्या, वेगळ्या नावानं नोंदलेल्या शाखा, तुमचा क्लायंट, सगळ्यांना टाका. एक भोक तरीही उरतंच. तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणारी कन्सल्टन्सी स्वतःच्या लॉगिननं बघत असते, तिला कोण अडवणार? लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’, म्हणजे नोकरी शोधतोय ही खूण, दोन प्रकारे लावता येतं. एक सगळ्या जगाला, म्हणजे फोटोभोवती हिरवी कड येते ते. दुसरं फक्त रिक्रूटरना दिसणारं. दुसरं घ्या, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही असं लिंक्डइन स्वतःच सांगतं, हेही लक्षात असू द्या. प्रोफाइलला हात लावण्याआधी बदलांची खबर ओळखीच्यांना जाण्याचं बटण बंद करा. एका रात्री आठ नवी कौशल्यं जोडणाऱ्या माणसाबद्दल ऑफिसात काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहेच.

खरी माती खातात ती मात्र फाइलमध्ये. मला आलेल्या एका ‘निनावी’ रेझ्युमेचं फाइलनाव आडनावासकट होतं. दुसऱ्यात सगळं चकचकीत स्वच्छ, पण फाइलच्या प्रॉपर्टीज उघडल्या तर लेखक म्हणून मुलाचं नाव आणि खाली कंपनीचं! ऑफिसच्या लॅपटॉपवर वर्डमध्ये लिहिलं की असं होतं, आणि पीडीएफ केल्यावरही ते बऱ्याचदा तसंच राहतं. घरच्या मशीनवर नवी कोरी फाइल उघडा, आणि पाठवण्याआधी प्रॉपर्टीज स्वतः बघा. ऑफिसचा लॅपटॉप आणि ऑफिसचं वायफाय या कामाला अजिबात नको, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा नको.

आपला कोड दाखवायला गिटहबची लिंक देताय? गिटच्या प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, नाव आणि ईमेल जातं. पुढच्या कमिटसाठी गिटहब खरा ईमेल झाकणारा पत्ता देतं, जुन्या कमिटमध्ये मात्र जे गेलं ते गेलं. त्यामुळे निनावी प्रोफाइलला ती लिंक नकोच, नंतर द्या. फोन नंबरही नको, ट्रूकॉलर एका क्षणात नाव सांगतं. वेगळा ईमेल काढा, आणि त्यात जन्मवर्ष किंवा कॉलेजमधलं टोपणनाव घालू नका.

मुखवटा कधी काढायचा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण अडचण तिथेच येते. समोरच्यानं कंपनीचं नाव, पद आणि पगार किती ते किती हे लेखी सांगितलं की मग आपलं नाव सांगावं. कन्सल्टन्सी असेल तर ‘मला विचारल्याशिवाय कुठेही पाठवू नका’ असं ईमेलवर कबूल करून घ्या. ऑफर हातात येईपर्यंत सध्याच्या कंपनीत चौकशी करू नका, हेही तिथेच लिहा. प्रत्येकाला पाठवायच्या रेझ्युमेच्या प्रतीच्या तळाशी त्याचं नाव आणि तारीख टाका. प्रत फिरली तर कुठून फिरली ते कळतं, आणि मुळात तळाशी आपलं नाव दिसलं की फिरवणाऱ्याचा हात जरा आखडतो.

एक कडू गोष्टही ऐका. निनावी प्रोफाइलला विचारणा कमी येते. रिक्रूटरला दिवसभरात शेकडो प्रोफाइल चाळायची असतात, कोडं सोडवत बसायला त्याला वेळ नसतो. त्यात तुमचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर आणखी कमी. तुमच्या जागी मी असते तर हे प्रोफाइल एका कोपऱ्यात ठेवलं असतं आणि पुण्या-हैदराबादच्या आठ-दहा कंपन्या निवडून, तिथल्या ओळखीच्या माणसांकडून थेट अर्ज केला असता, खऱ्या नावानं. आणि इंटरव्ह्यूचे फोन मेट्रोत घेऊ नका. सकाळी खापरीकडे जाणाऱ्या डब्यात गळ्यातली निम्मी ओळखपत्रं तुमच्याच कंपनीची असतात.

प्रश्न : मी सध्याच्या कंपनीऐवजी ‘फ्रीलान्स’ लिहिलं तर चालेल का? म्हणजे लपवायचीही भानगड नाही.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : चालणार नाही. ‘सध्याची कंपनी : गोपनीय, आयटी सेवा’ असं लिहिलं तर कोणी बोट ठेवणार नाही. फ्रीलान्स लिहिलंत तर ते खोटं होतं, आणि ऑफरनंतरच्या पडताळणीत पकडलं जातं. पीएफच्या यूएएन क्रमांकाखाली कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडली, सगळं ओळीनं दिसतं. प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत टीडीएस कापणाऱ्या कंपनीचं नाव असतं ते वेगळंच. हातातली ऑफर त्यापायी गेलेली मी पाहिली आहे. आणि हो, तुमचा प्रश्न ऑफिसच्या ईमेलवरून आला आहे. पुढचा घरच्या ईमेलवरून पाठवा.