ड्रमच्या मागची जागा

प्रिय पोरी,

तुझं पत्र सोमवारी आलं, तीनदा वाचलं. यंदा गॅदरिंगला "तू समोर उभी राहून गा, ड्रम काय कोणीबी वाजवील" असं सरांनी तुला सांगितलंय आणि ऐकू की नको म्हणून तू विचारतेस. तुझा गळा गोड आहे, हे मला माहीत आहे. तरी माझं उत्तर नाही असंच आहे. गायचं असेल तर माइक ड्रमपाशी ओढून घे आणि बसल्या जागेवरून गा.

तुला हनी लॅन्ट्रीबद्दल कधी सांगितलं नाही, ते आज सांगते. लंडनजवळच्या हेजची मुलगी, 1943 चा जन्म. केशकर्तनालयात मदतनीस होती. तिथल्याच मार्टिन मरेकडं ती गिटार शिकत होती. एकदा सहज ड्रमवर बसली, काड्या हातात घेतल्या, आणि मरेच्या लक्षात आलं की हिचा हात इथंच आहे. त्याच्या बँडमध्ये ती ड्रमर झाली. बँडचं 'हनीकॉम्ब्स' हे नावसुद्धा तिच्या नावावरून आणि तिच्या केस विंचरण्याच्या कामावरून पडलं. 1964 साली त्यांचं 'हॅव आय द राइट' ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, अमेरिकेत पाचव्यापर्यंत पोचलं.

हे गाणं ऐकशील तेव्हा धृपदाखालचा ठोका नीट ऐक. निर्माता जो मीक याचा स्टुडिओ म्हणजे लंडनच्या होलोवे रोडवरचं एक राहतं घर. ठोका भारदस्त यावा म्हणून बँडची मंडळी घराच्या लाकडी जिन्यावर उभी राहून पाय आपटत होती, आणि माइक जिन्याच्या कठड्याला सायकलच्या क्लिपांनी अडकवले होते. ड्रमच्या जोडीला तो जिना. मला हे फार आवडतं, कारण आपलंही असंच चालायचं. धाराशिवकडच्या एका जत्रेत दुसऱ्याच गाण्याला माझ्या ड्रमच्या पायपेडलची स्प्रिंग तुटली. ऑर्केस्ट्रातल्या एका पोरानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बांधली, आणि रात्री दोनपर्यंत कार्यक्रम त्या पट्टीवर निघाला.

गाणं गाजलं आणि लोक म्हणू लागले, ही पोरगी नुसती दाखवायला बसवलीय, रेकॉर्डवर वाजवणारा दुसराच कोणीतरी आहे. बँडमधल्या मंडळींना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की हीच वाजवते. चांगलं वाजवलं म्हणून संशय, हा त्रास मला नवा नाही. लातूरकडच्या एका लग्नात मधल्या सुट्टीत दोन पाव्हणे स्टेजच्या मागं येऊन पडदा वर करून बघत होते. "खरंच पोरगी वाजवायली का मागून कॅसेट लावलीय?" मी काही बोलले नाही. सुट्टी संपल्यावर त्यांना जवळच उभं राहू दिलं आणि पुढची चार गाणी वाजवली. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, हेही तुला सांगते. राग येतोच. तो मनगटात उतरू देऊ नकोस, लय पळते.

आता तुझ्या प्रश्नाशी जास्त जुळणारी गोष्ट. अमेरिकेची गायिका कॅरन कारपेंटर. शाळेच्या बँडमध्ये तिला आधी ग्लॉकेनस्पील, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, दिलं होतं, तिनं हट्टानं ड्रम घेतले. ती स्वतःला गाणारी ड्रमर समजायची. पण उंची पाच फूट चार इंच, ड्रमच्या मागं बसली की लोकांना चेहरा दिसेना, आणि आवाज असा की सगळ्यांना तीच समोर हवी. हळूहळू तिला पुढं आणलं. रेकॉर्डिंगलाही बऱ्याच गाण्यांवर हॅल ब्लेन यांनी ड्रम वाजवले. ते मोठेच वादक, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 1976 च्या टीव्ही कार्यक्रमात ती एका ड्रमवरून दुसऱ्यावर जात वाजवते, तेव्हाचा तिचा चेहरा बघ. तो आनंद माइक धरून उभं राहिल्यावर तिच्या तोंडावर मला कधी दिसला नाही. 1983 मध्ये, अवघ्या 32 व्या वर्षी ती गेली. म्हणून तुला सांगते, एकदा स्टुलावरून उठवलं की परत बसवायला कोणी बोलवत नाही.

उगाच वाद घालू नकोस. सरांना एवढंच म्हण, "सर, मी दोन्ही करते, एकदा तालीम बघा." त्या तालमीसाठी तयारी मात्र पक्की हवी. गाताना तुझा उजवा पाय दबकतो, हे मागच्या व्हिडिओत मी ऐकलं. मेट्रोनोम, म्हणजे ठोके मोजून देणारं यंत्र, मिनिटाला साठवर लाव आणि रोज वीस मिनिटं नुसता बास ड्रम (पायानं वाजतो तो मोठा ड्रम) आणि हाय-हॅट (झांजांची जोडी) वाजवत गाण्याचे शब्द म्हण. सूर नको, नुसते शब्द. आठवडाभरानं सूर लाव. शेजारी कुरकुरत असतील तर पाटावर गोधडीची घडी टाकून त्यावर पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, मग डावा-उजवा-डावा-डावा) कर. गोधडी काडी परत उडवत नाही, सगळं काम मनगटाला करावं लागतं.

तुझी स्नेअर, म्हणजे समोरचा कडक आवाजाचा ड्रम, तीही ढिली बोलते. आपल्याकडं हलगीवाला वाजवायच्या आधी जाळ करून चामडं शेकतो, टिचकी मारून कान लावतो, मनासारखं होईपर्यंत गर्दीकडं बघतही नाही. तूही तेवढा वेळ घे. चावीनं समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळ, एकाच बाजूनं पिळत जाऊ नकोस.

हनीचा बँड 1967 मध्ये मोडला. पुढं बऱ्याच वर्षांनी जुनी मंडळी पुन्हा जमली तेव्हा ती परत ड्रमवर बसली. 2018 साली, 75 व्या वर्षी गेली.

तालीम कधी आहे ते कळव. शनिवारी असेल तर मी सकाळच्या एसटीनं येते. माझी जुनी स्नेअर आणि पेडलची एक जादा स्प्रिंग घेऊन येईन. स्टुलाची उंची मात्र तू आत्ताच दोन बोटं वाढव, गुडघा फार वर येतोय.

तुझी,
ताई