युनिक्स शिकायला आधीचा तांत्रिक अनुभव लागतो का?

तुम्ही विचारलंय की बी.कॉम. झालंय, एमएससीआयटीच्या पुढे कॉम्प्युटर शिकलेलो नाही, हिंगोलीत राहून युनिक्स जमेल का. जमेल. अनुभव लागत नाही. लागते ती पडद्यावर आलेली ओळ शेवटपर्यंत वाचायची सवय.

युनिक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली, फक्त यात माउसऐवजी बहुतेक कामं हुकूम, म्हणजे कमांड, टाइप करून करायची. ते १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. त्यांच्या गटाबाहेर ते सगळ्यात आधी वापरायला घेतलं ते १९७१ मध्ये तिथल्याच पेटंट विभागातल्या टायपिस्टनी. दिवसभर पेटंटचे अर्ज टाइप करणारी ही माणसं, इंजिनिअर नव्हेत.

मी नांदेडला शिकवतो. मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहिणारे एक मुनीमकाका माझ्याकडे यायचे. त्यांच्याकडे आवकेची साधी फाइल होती. एका शेतकऱ्याची एक ओळ: गाव, माल, कट्टे. कोणत्या गावाहून किती जण आले, हे त्यांना काढायचं होतं. 'कट'ने गावाचा रकाना वेगळा करायचा, 'सॉर्ट'ने क्रमाने लावायचा आणि 'युनिक'ला (स्पेलिंग uniq) उणे सी (-c) देऊन मोजायचं. तिन्ही कमांड उभ्या दांडीने, म्हणजे पाइपने, एकाच ओळीत जोडायच्या. मधलं सॉर्ट गाळलं तर आकडे चुकतात, कारण युनिक फक्त लागोपाठ आलेल्या सारख्या ओळीच एकत्र करतं. डिप्लोमाच्या मुलांना हे दोन-दोनदा सांगावं लागतं. काकांना लगेच पटलं. पट्ट्या आधी गावनिहाय लावल्याशिवाय बेरीज होत नाही, हे ते आयुष्यभर करत आले होते. तुमचं बी.कॉम. इथे असंच कामाला येईल.

नवी माणसं अडतात ती भलत्याच ठिकाणी. पासवर्ड टाइप करताना बहुतेक ठिकाणी पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं वाटतं. तो बिघडलेला नसतो, टाइप करा आणि एंटर दाबा. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. 'आरएम'ने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, तेव्हा सराव वेगळ्या फोल्डरमध्येच करा. 'मॅन' लावून मदत उघडली की क्यू दाबल्यावर बाहेर येता येतं.

इंग्रजीची धास्ती असेल तर सुरुवातीला तीन वाक्यं नीट समजून घ्या: कमांड नॉट फाउंड, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी, परमिशन डिनाइड. पहिल्यात बहुतेकदा स्पेलिंग चुकलेलं असतं, दुसऱ्यात तुम्ही दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभे असता, तिसऱ्यात तुम्हाला तेवढी परवानगी नसते.

सर्व्हर सांभाळायची नोकरी हवी असेल तर नेटवर्किंग शिकावंच लागेल, पण ते नंतर आणि यातूनच.

लगेच कॉम्प्युटर घेऊ नका. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे कमांड टाइप करायचं अ‍ॅप टाका, त्यात कट, सॉर्ट, युनिक, आरएम या कमांड चालतात. घरी जुना कॉम्प्युटर असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे युनिक्सच्याच धर्तीची प्रणाली, चालवून बघा, आतल्या विंडोजला हात लावावा लागत नाही. मात्र 'इन्स्टॉल'चं बटण दाबण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. अडलात तर मला खुशाल विचारा. फक्त 'चालत नाही' एवढंच लिहू नका. तुम्ही दिलेली कमांड आणि आलेली एररची ओळ, दोन्ही जशीच्या तशी पाठवा.