क्रिएटिनिन २.१, फेसाळ पेशी आणि लहानपणापासूनची पायांची आग

ताई, तुमचा भाऊ २७ वर्षांचा, लघवीत प्रोटीन, क्रिएटिनिन २.१ (म्हणजे किडनीचं काम मंदावलंय) आणि बायोप्सीत किडनीच्या पेशी फेसाळ दिसल्या म्हणून डॉक्टरांनी फॅब्री या आनुवंशिक आजाराची टेस्ट सांगितलीय, ती करू का असं विचारलंत. करा, याच आठवड्यात करा. माझ्या धाकट्या भावाला फॅब्रीच आहे, आमची सात वर्षं दवाखाने फिरण्यात गेली.

शाळेत असताना ताप आला की त्याच्या हातापायांची आग व्हायची आणि घाम येतच नाही, हे तुम्ही शेवटी सहज लिहिलंय पण माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. आमचा मे महिन्यात ओल्या फरशीवर पाय टेकवून रडायचा आणि आम्ही म्हणायचो शाळा बुडवायला नाटकं करतो, ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

यात अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं एन्झाइम कमी पडतं, मग एक चरबीसारखा पदार्थ पेशींत साठत जातो, नसांत, किडनीत, हृदयात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही. म्हणून फक्त किडनीच्या डॉक्टरांवर थांबू नका, ईसीजी, टूडी इको आणि मेंदूच्या एमआरआयबद्दल विचारा, डोळ्याच्या कॉर्नियावर (पुढच्या पारदर्शक पडद्यावर) भोवऱ्यासारख्या रेघा आहेत का तेही तपासून घ्या. बेंबीखाली, मांड्यांवर बारीक लालकाळे ठिपके असतील तर डॉक्टरांना दाखवायला सांगा, मुलगे लाजून बोलत नाहीत.

पुरुषांना रक्तातली एन्झाइम टेस्ट बहुतेक वेळा पुरते, बायकांमध्ये ती नॉर्मलही येऊ शकते म्हणून हे एन्झाइम बनवणाऱ्या जीएलए जीनची टेस्टच लागते. दोष एक्स क्रोमोसोमवर असतो, मुलाला तो आईकडूनच येतो, त्यात तुमचे मामा चाळिशीत किडनी जाऊन गेले म्हणताय, तेव्हा आई, मावशी आणि तुम्ही, सगळ्यांची टेस्ट करा. बायका नुसत्या वाहक असतात हे खरं नाही, माझ्या आईच्या हृदयाची भिंत जाड झालेली निघाली. आणि भावाला किडनी द्यायचं मनात असेल तर आधी तुमचा रिपोर्ट.

उपचार म्हणजे दर दोन आठवड्यांनी शिरेतून एन्झाइम, आणि ते फार महाग. पण राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये फॅब्री आहे, ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, मुंबईचं केईएम त्यासाठीचं केंद्र आहे. एन्झाइमने खराब झालेली किडनी परत येत नाही, उरलेली वाचवता येते, म्हणून घाई करतेय. जाताना बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला किडनीचा तुकडा) आणि मामांचे जुने कागद सापडले तर तेही घेऊन जा.