टाइप वन मधुमेह आहे, पण शुगर तपासायची सवयच लागत नाही. काय करू?

तू लिहिलंयस की वय 22, तीन वर्षांपूर्वी टाइप वन निघाला, पुण्यात दोन मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतोस, इन्सुलिन चुकत नाही, पण ग्लुकोमीटर आठवडा आठवडा बॅगेतून बाहेर निघत नाही. मी तुझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते. मला तेराव्या वर्षी निघाला, त्याला 21 वर्षं झाली. त्यातली पहिली सहा-सात वर्षं माझंही हेच चाललं होतं.

तू स्वतःला आळशी म्हणतोस, ते मला पटत नाही. दिवसातून चार वेळा पोटात सुई घेणारा मुलगा बोट टोचायला आळस करेल का? कारण दुसरं काहीतरी असतं.

माझं कारण सांगते. मीटरवर 260 आला की आईचा पहिला प्रश्न असायचा, "काय खाल्लंस?" तिला काळजी होती, बाकी काही नाही. पण मला चोरी पकडल्यासारखं व्हायचं. आणि बरेचदा मी वेगळं काही खाल्लेलंच नसायचं. ताप, पाळीच्या आधीचे दिवस, परीक्षेचं टेन्शन, पहाटे शरीरात वाढणारे हार्मोन, कशानेही शुगर चढते. हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. मग मी तपासणंच सोडलं. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री वही घेऊन बसायचे आणि दोन वेगवेगळ्या पेनांनी महिन्याभराचे आकडे भरायचे. 118, 134, 109.

एकदा डॉक्टरांनी वही बाजूला ठेवली, मीटर मागितला आणि मेमरीचं बटण दाबलं. शेवटची नोंद 19 दिवसांपूर्वीची. आई शेजारीच बसली होती. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "आकडा बघून तू कधी डोस बदललास का?"

नव्हता बदलला. सकाळी इतके युनिट, दुपारी इतके, रात्री इतके, हे ठरलेलं. शुगर 90 असो की 290, डोस तोच. मग तपासून मिळत काय होतं? फक्त बोलणी.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की अलार्म लावण्याआधी तुझ्या डॉक्टरांकडून दोन गोष्टी कागदावर लिहून घे. एक युनिट इन्सुलिन किती ग्रॅम कार्बोहायड्रेटला पुरतं, आणि एक युनिटने तुझी शुगर किती उतरते. हे प्रत्येकाचं वेगळं असतं, दुसऱ्याचं वापरायचं नाही. ते हातात आलं की मीटरवरच्या आकड्याला पुढे काम मिळतं. 210 आहे आणि ताटात दोन चपात्या नि वाटीभर भात आहे, तर आता किती घ्यायचं? आमच्या घरी त्या दिवसानंतर हळूहळू प्रश्नच बदलला. आई हल्ली "काय खाल्लंस" विचारत नाही, "मग किती घेणार?" विचारते. तपासायची सवय मला खरं तर तेव्हापासून लागली.

घरी शुगर तपासणं ही गोष्टसुद्धा एका पेशंटनेच पुढे आणली आहे. रिचर्ड बर्नस्टाइन हे अमेरिकेतले इंजिनिअर, बाराव्या वर्षापासून टाइप वन. 1969 मध्ये रक्तातली साखर मोजणारं यंत्र मिळायला लागलं होतं, पण ते डॉक्टर आणि हॉस्पिटलांसाठीच. त्यांची बायको डॉक्टर होती, तिच्या नावावर त्यांनी ते मागवलं आणि दिवसातून अनेकदा तपासून कशाने किती चढते-उतरते ते स्वतःवर शोधून काढलं. पुढे पंचेचाळिशीत मेडिकलला प्रवेश घेऊन ते डॉक्टर झाले. कंटाळा आला की मला त्यांची आठवण होते. त्याआधी घरोघरी लघवी तपासायचे, परीक्षानळीत निळं द्रावण तापवून. हिरवं, पिवळं, विटकरी. त्यावरून कळायचं ते काही तासांपूर्वीचं.

आता सवयीचं. माझा नियम चार शब्दांचा आहे: आधी बोट, मग पोट. बोट टोचल्याशिवाय इन्सुलिनचं पेन पोटाला लावायचं नाही. इन्सुलिनची सवय तुला आहेच, तपासणं तिच्या पाठीला बांधून टाक. त्यासाठी मीटर, रक्ताचा थेंब घ्यायच्या स्ट्रिपची डबी, टोचायचं पेन आणि इन्सुलिनचं पेन एकाच पाऊचमध्ये ठेव. दोन ठिकाणी ठेवलंस की संपलं. माझं पाऊच जेवायच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी असतं, ऑफिसला निघताना डब्याच्या पिशवीत जातं.

सगळं एकदम सुरू करू नकोस. पहिले पंधरा दिवस रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना, या दोन वेळा पक्क्या कर. मग सकाळची उपाशीपोटी, मग दुपारची. गाडी चालवत असशील तर किल्ली हातात घेण्याआधीही. एखादी वेळ चुकली तर चुकली, पुढची धर.

पैशांचं कोणी बोलत नाही, पण ते बोलायला हवं. एक स्ट्रिप साधारण 15 ते 25 रुपयांना पडते. दिवसाला चार म्हटल्या तरी महिन्याला दोन-तीन हजार गेले. माझ्या पहिल्या नोकरीत पगार साडेआठ हजार होता, तेव्हा मी झोपतानाची स्ट्रिप वाचवायचे. तसं करू नकोस. कमी पडत असतील तर त्या कुठल्या वेळांना वापरायच्या ते डॉक्टरांशी बोलून ठरव, आणि आहेत त्याच आकड्यांतून निर्णय घे. दंडावरचा 14 दिवसांचा सेन्सर परवडत असेल तर जरूर लाव. पण तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. अंगाला एक वाटतंय आणि सेन्सर दुसरंच दाखवतोय, तर बोटच टोच.

हात साबणाने धुऊन, कोरडे करून तपास. एका मे महिन्यात आंबे चिरता चिरता मी तपासलं, 312. करेक्शनसाठी, म्हणजे चढलेली शुगर उतरवायच्या जादा डोससाठी, इन्सुलिनचं पेन उचललंच होतं. काय वाटलं कोण जाणे, हात धुतले आणि परत टोचलं, तर 148. बोटाला आंब्याचा रस होता. त्या 312 वर डोस घेतला असता तर काय झालं असतं, ते आठवून आजही पोटात खड्डा पडतो. बोटाच्या मधोमध टोचू नकोस, कडेला टोच, तिथे दुखतं कमी. लान्सेट, म्हणजे टोचायच्या पेनातली सुई, नियमाप्रमाणे दर वेळी नवी, आणि दुसऱ्या कोणाची कधीच नाही. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लाव, पावसाळी हवेत त्या खराब होतात.

आणि "मला अंगावरून कळतं" यावर विसंबू नकोस. मी पतसंस्थेत काउंटरला असते. एका दुपारी शंभराच्या नोटांचं बंडल मोजत होते. 97 आल्या. परत मोजलं, 99. परत, 96. समोर आजोबा उभे, मला घाम. डोकं जड होतं म्हणून वाटलं शुगर वाढलीय, डब्याआधी दोन युनिट जास्तच घेऊ. नियमापुरतं बोट टोचलं. 52. साखरेचे तीन चमचे पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, 84. मग डबा खाल्ला. आजोबा तोवर थांबले होते, नोटा शंभरच होत्या.

70 च्या खाली गेलास तर तूही हेच कर: 15 ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पावडर, 15 मिनिटं, परत बोट. बिस्किट-चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलाने साखर रक्तात उशिरा पोचते. ग्लुकोजचा डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर नाही, तुझ्या उशाशी हवा. दोन्ही मित्रांना आज रात्रीच तो दाखव. शुद्धीवर नसलास तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ 108 ला फोन करायचा, हेही सांग.